जिल्ह्याच्या अंगणात जवळा

माझ्याकडे वर्तमानपत्राचं एक कात्रण आहे. पालघरच्या त्या मोठ्या सरकारी इमारतीपुढच्या चकचकीत फरशीवर जवळा वाळत पडलाय, मागे उंच खांब दिसतायत, आणि कोपऱ्यात मी, तोंड उघडं, हात वर. खाली लिहिलंय की एका तरुण कार्यकर्तीच्या अभिनव कल्पनेमुळे प्रशासन हादरलं. आईने ते कात्रण बोईसरजवळ सरावलीला आमच्या खोलीत आरशाला चिकटवलंय आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती ते दाखवते. त्यामुळे आता खरं सांगून टाकलेलं बरं. कल्पना माझी नव्हती. फोटोतला माझा हात घोषणा द्यायला वर गेलेला नाही, "उचला, उचला ते" असं ओरडायला गेलाय. आणि प्रशासन काही हादरलंबिदरलं नाही. एक साहेब खाली उतरून आले, इतकंच. अर्थात आमच्या कामात तेवढंही वर्षातून एकदा घडतं.

त्या इमारतीशी माझं भांडण तसं जुनं. आधी जिल्हा नवा झाला, मग जिल्ह्याला शोभेल अशी इमारत उभी राहिली. बोईसरहून पालघरला जाताना रस्त्यावरूनच दिसते. उंच खांब, रुंद पायऱ्या, आणि पुढे एवढी फरसबंदी की आमची अख्खी चाळ तिच्यात दोनदा मावावी. रविवारी लोक पोराबाळांना घेऊन ती बघायला येतात. लग्न ठरलेली जोडपी पायऱ्यांवर उभी राहून फोटो काढून घेतात. तिची मान इकडे, त्याची तिकडे, मध्ये महाराष्ट्र शासन. रिक्षावाल्याला कुठलंही खातं सांगा, तो म्हणणार, "इमारतीत ना? बसा."

मला तिचा मनापासून संताप यायचा. मी पत्रकंही काढली. पत्रक लिहिण्याचं माझं शिक्षण पक्कं आहे: पहिल्या ओळीत प्रश्न, दुसऱ्या ओळीत घाव, तिसऱ्या ओळीत मागणी, आणि तळाला 'बहुसंख्येने उपस्थित राहा'. इमारतीवरच्या पत्रकाचं नाव होतं 'हा महाल कुणासाठी?' त्यात एक वाक्य होतं, खांब जाड झाले की माणसं बारीक होतात. ते वाक्य मला इतकं आवडलं होतं की त्याचा अर्थ कुणी विचारला तर मी त्या माणसाशी दोन दिवस बोलायची नाही. तोवर मी इमारतीच्या आत एकदाही गेले नव्हते, हे पत्रकात लिहायची गरज नव्हती.

दांडीचं प्रकरण माझ्याकडे आलं ते मावशीमुळे. दांडी म्हणजे तारापूरच्या किनाऱ्यावरचं मच्छीमारांचं गाव. तिथून ही मावशी आमच्या सरावलीत सुकी मासळी विकायला यायची. नात्याने कुणाचीच नाही, म्हणून सगळ्यांची मावशी. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटक, आणि आवाज असा की तिसऱ्या गल्लीतली बाई भांडं घेऊन बाहेर यावी. आम्ही मूळचे सांगलीकडचे, वडील एमआयडीसीत कामाला. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत, चिंचणीला. त्यामुळे आमच्या घरात जवळ्याची, म्हणजे वाळवलेल्या बारीक कोळंबीची, चटणी शिरली ती या मावशीच्या पाटीतूनच.

एक दिवस तिने पाटी उतरवली आणि आईला सोडून मला विचारलं, "तू कागद वाटते ती ना? मग एक कागद माझ्यापायी बी लिही."

गोष्ट अशी होती. दांडीत घरांच्या मागे, जिथे भरतीचं पाणी पोचत नाही, तिथे एक सपाट पट्टा आहे. गावातल्या बायका तिथे बांबूंवर बोंबील टांगतात आणि खाली जवळा पसरतात. या जागेला त्या खळं म्हणतात. एके सकाळी तिथे एक फलक उभा राहिला: जागा शासनाची असून किनारा सुशोभीकरण व वाहनतळ यासाठी राखीव आहे, दोन महिन्यांत मोकळी करावी. फलक कोणत्या खात्याचा ते मी लिहीत नाही, कारण त्या खात्याशी सध्या माझं बरं चाललंय.

"नवरा गेला तवापासून माझं घर या खळ्यावर हाय," मावशी म्हणाली. "जवळा ओला दुपारपर्यंत नाय खपला तर खताला जातो. वाळला तर पावसाळाभर पुरतो. एवढाच फरक हाय बग. खळं गेलं का मी बी खताला."

हे ऐकून माझी लेखणी पेटली नसती तरच नवल. 'आधी माणूस की आधी पार्किंग?' असं पत्रक त्याच संध्याकाळी तयार झालं. आणि मोर्चा कुठे न्यायचा याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती. इमारतीवर.

दांडीत बैठक झाली. देवळाच्या ओट्यावर बायका जमल्या, बऱ्याच जणी हातातलं काम घेऊनच आल्या होत्या. मी तारीख सांगितली. बुधवार. बुधवारी साहेब हटकून जागेवर असतात अशी माझी माहिती होती.

"त्या दिशी उधाण हाय," एक बाई मान वर न करता म्हणाली.

मावशीने मला समजावलं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे समुद्राला ओढ जास्त, जाळी भरून येतात, आणि बायकांना पाणी प्यायला फुरसत नसते. मधले दिवस भांगाचे. तेव्हा पाणी सुस्त, कामं थोडी. गावातली लग्नं, डागडुजी, सासू-सुनांची मोठी भांडणं, सगळं भांगाला. "मोर्चा पण भांगाला घे," ती म्हणाली. "शंभर बाया देते."

मी तेव्हा नुकतीच एका शिबिरातून आले होते. म्हणाले, "मावशी, आंदोलनाला भरती-ओहोटी नसते."

वाक्य तोंडातून निघालं आणि मलाच भावलं. दुसऱ्या पत्रकाचा मथळा म्हणून मी ते छापलंसुद्धा. मावशीने माझ्याकडून ते दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "बरं. तुझं लगीन तरी भांगाला ठेव गो, म्हणजे आमाला येता येईल."

मग कपड्यांवरून वाजलं. मी सांगितलं, साध्या वेषात या, दागिने नकोत, पेपरवाले येतील, आपली परिस्थिती दिसली पाहिजे. ओट्यावरच्या बायकांचे हात थांबले.

"म्हंजे भिकारणीसारखं यायचं?" मघाचीच बाई.

"तसं नाही, पण…"

"आगो, जिल्ह्याच्या घरी पयल्यांदा जायचं," मावशी म्हणाली, "आन् फाटकं लुगडं नेसून? त्या साहेबाला वाटंल या बायांकडे काय हायच नाय, मग काढून घेतलं तर काय बिघडतं. जाताना सोनं घालूनच जायचं असतं. म्हंजे समोरच्याला कळतं, हिला इकडं घालवायला काय तरी हाय."

मी बैठकीच्या वहीत 'पोशाख: ऐच्छिक' अशी नोंद केली.

बुधवारी सकाळी टेम्पो दांडीहून निघून मला सरावलीच्या नाक्यावर घेणार होता. मी फलक, काठ्या, निवेदनाच्या तीन प्रती आणि हातातला भोंगा घेऊन उभी. टेम्पो आला त्याआधी त्याचा वास आला. शंभर बायांच्या जागी आत बारा जणी होत्या. बाराही जणी नव्या लुगड्यांत, अंबाड्यात वेण्या, गळ्यात-हातात सोनं, लग्नाला निघाल्यासारख्या. आणि त्यांच्या पायांत, मधोमध, चार मोठ्या पाट्या. वर ओलं गोणपाट.

"हे काय?"

"जवळा," मावशी म्हणाली.

"ते कळलं. पण का?"

"सांगत होते ना उधाण हाय. पोरगा पहाटे बोट भरून आला. बाकीच्या बाया तिकडंच गुंतल्या, माझ्यावाचून मोर्चा नाय म्हणून मी निघाले. घरी ठेवून कुणाच्या भरवशावर येऊ? कावळे हायत, कुत्री हायत. आन् न पसरता ठेवला तर दुपारला वास मारायला लागंल."

टेम्पोवाला बोईसरचा, यूपीकडचा. तो आरशातून माझ्याकडे बघत होता. "मॅडम, आपने सिर्फ़ लेडीज़ बोला था. मछली का नाम नहीं लिया था."

"भैया, चलो," मावशीने हुकूम सोडला. "धूप निकल गया."

परत फिरायला वेळ नव्हता. मी मागे पाट्यांच्या मधे उभी राहिले आणि पालघरपर्यंत एकच विचार करत होते, की टेम्पो जरा लांब लावू, पाट्या टेम्पोतच राहतील, कुणाला काही कळणार नाही. बायका गाणी म्हणत होत्या. उमरोळीच्या अलीकडे मी घोषणांचा सराव घ्यायचा प्रयत्न केला. 'खळं आमच्या हक्काचं' हे त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते लग्नातल्या चालीवर बसवलं.

इमारत दिसली तेव्हा मात्र गाणं थांबलं, सगळ्या बाहेर डोकावल्या. मला वाटलं, आता यांना माझ्यासारखी चीड येईल. मी थांबले, त्यांना नीट बघू दिलं.

"चांगली बांधली हाय," मावशी म्हणाली.

"मावशी, अहो किती उधळपट्टी…"

"असू दे गो. आपल्या जिल्ह्याची हाय, बरी दिसायला नको? आधी आमी ठाण्याला जायचो. नवरा गेला तवा कागदासाठी चार खेपा झाल्या. पहाटे निघायचं, तिकडं पोचंपर्यंत साहेब जेवायला गेलेला. तो जेवून यायचा आन् आमची परतीची गाडी व्हायची. आता साहेब दोनदा जेवला तरी मी भात टाकायला घरी हाय." आणि मग, जरा विचार करून, "इतकं मोठं घर बांधलं तर आपल्या खळ्याएवढी जागा सोडायला याला काय जड हाय?"

त्या क्षणी मला जाणवलं की माझं 'हा महाल कुणासाठी?' हे पत्रक मावशीला वाचून दाखवलं असतं तर ती सरळ म्हणाली असती, "माझ्यासाठी." मी पिशवीतल्या उरलेल्या प्रती जरा खाली दाबल्या.

फाटकावर रखवालदार होता. चाळिशीतला, जव्हारकडच्या डोंगरातला, बोलण्यावरून कळत होतं. त्याने आधी मला अडवलं.

"फलक आत नाय. काठ्या नाय. भोंगा नाय. घोषणा बाहेर द्यायच्या."

"आणि या?" मी मागे हात केला. बारा जणी, सोन्याने मढलेल्या, डोक्यावर पाट्या.

त्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या नियमांच्या यादीकडे. यादी त्याने बोट लावून वाचली. फलक होता, काठी होती, ध्वनिक्षेपक होता, ज्वलनशील पदार्थ होते. जवळा नव्हता.

"कुणाकडं?" त्याने विचारलं.

"साहेबांकडं. भेटाया," मावशी म्हणाली. कुणाच्याही घरी जाताना म्हणतात तसं.

"मंग जा."

अशा रीतीने मोर्चा आत गेला आणि मोर्चाची आयोजक बाहेर राहिली. मला फलक-काठ्यांचा भारा रखवालदाराच्या खोलीत टाकायला, नाव-गाव लिहायला आणि ओळखपत्राची झेरॉक्स शोधायला पंचवीस मिनिटं लागली. आत धावत गेले तर उशीर झालेला होता.

मावशीने अंगण बघितलं होतं. अनुभवी बाई घर बघते तसं. फरशी कुठे जास्त तापते, खांबांची सावली कुठवर फिरेल, वारा कुठून. वारा समुद्राकडचा होता, इमारतीच्या तोंडावर जाणारा. "हे खळं बग," ती बाकीच्यांना सांगत होती, "वाळू नाय, कुत्रं नाय, खाली शेण सारवायला नको. असं आपल्याला असतं तर." पाट्या रिकाम्या झाल्या होत्या. दोन जणी झाडूच्या हिराने जवळा पातळ पसरत होत्या, एवढ्या निगुतीने की फरशीची एकेक चौकट भरत चालली होती.

तोंड उघडं आणि हात वर, तो फोटो या वेळचा. एका लग्न ठरलेल्या जोडप्याचा फोटोग्राफर तिथे होता, त्यानेच तो काढला आणि संध्याकाळी पेपरला पाठवला. त्या जोडप्याने मला विचारलं, "ताई, हे किती वेळ चालणार?" नवरीने लांब घोळाचा घागरा घातला होता आणि तो आमच्या जवळ्यापासून वीतभर लांब होता.

"आंदोलन अनिश्चित काळासाठी आहे," मी सवयीने म्हणाले.

"ऊन असंच राहिलं तर चारपर्यंत," मावशी म्हणाली. "पोरी, घागरा वर धर."

मी मावशीला बाजूला घेतलं. निवेदन काय, मागण्या काय, गांभीर्य काय, सगळं बोलले. जवळा उचला म्हणाले. असं केलं तर आपल्याला कुणी आत घेणार नाही. मावशीने शांतपणे ऐकलं. "बाय, तू तुझं काम कर. कागद दे जा वर. मी माझं करते. दोन्ही होतील."

मी वर गेले. साहेब व्हीसीत होते. व्हीसी म्हणजे मंत्रालयाशी पडद्यावरची बैठक. ती सुरू झाली की इमारतीतलं सगळं थांबतं. बाहेरच्या बाकावर मी दीड तास बसले. शिपायाने निवेदन घेतलं, आवक खिडकीवर पाठवलं. आवकवाल्याने शिक्का मारून एक प्रत परत दिली. माझी बहुतेक आंदोलनं इथेच संपतात. शिक्क्याचा फोटो काढायचा, तो ग्रुपवर टाकायचा, खाली 'लढा सुरूच राहील'.

खाली आले तर तीन बायका इमारत आतून बघून परत आल्या होत्या आणि बाकीच्यांना अहवाल देत होत्या. आत गार हाय. पाण्याची मशीन हाय, पाणी दात दुखवतं. बायकांच्या संडासाला कडी हाय, आतून लागते. शेवटच्या माहितीवर मात्र सगळ्यांचं एकमत झालं की जिल्हा झाला ते चांगलंच झालं.

एक वाजता मावशी सावलीत डबा खात होती. तेवढ्यात फाटकावरचा रखवालदार आला. मला वाटलं, आता हाकलणार. मी पुढे झाले, अधिकारांबद्दल बोलायला सुरुवातही केली. तो माझ्याकडे न बघता मावशीला म्हणाला, "आत्या, पालटायला नको का? खालून ओला राहील."

"तुला काय ठाव?"

"आमच्या डोंगरात पावसाळ्याला हाच तर आधार. माझी आई बाजारातून आणला का पुन्हा एकदा उन्हाला दाखवायची. म्हणायची समुद्रवाले घाईत वाळवतात."

"तुझ्या आईला सांग," मावशी घास गिळून म्हणाली, "दांडीवाले घाई करत नाय. चिंचणीवाल्यांचं मी बोलत नाय."

दोघांनी मिळून जवळा पालटला. त्याने टोपी काढून खिशात कोंबली होती. माझ्या अधिकारांचं भाषण अर्धंच राहिलं.

मग दुपारचा वारा जोराचा सुटला. व्हीसी अडीचला संपली म्हणतात. साहेब सव्वातीनला खाली आले. नाकाला रुमाल, मागे दोन कारकून. पेपरने ज्याला हादरणं म्हटलं ते हे.

"काय आहे हे?"

"जवळा," मावशी उभी राहून म्हणाली. डोक्यावरचा पदर नीट केला.

"ते कळलं. तिसऱ्या मजल्यापर्यंत कळलं. इथे कशाला?"

मी घसा साफ केला. हे प्रतीकात्मक आहे असं सांगायचं होतं. त्याआधीच मावशी म्हणाली, "घरी राखायला कोण नाय साहेब. आमी सगळ्या तुमच्याकडं आलो."

"अहो पण ही सरकारी जागा आहे. इथे असं काही पसरता येत नाही."

"तिकडं खळ्यावर बी तेच लिहिलंय. सरकारी हाय, पसरायचं नाय. मग बिगरसरकारी कुठली ती तेवढी दाखवा. आमी तिकडं जातो."

एक कारकून हसला आणि मग खोकल्याचं नाटक केलं. साहेबांनी रुमाल खाली घेतला. माणूस तसा वाईट नव्हता. विदर्भातला होता, समुद्रापासून लांबचा, माझ्यासारखाच. "कुठलं खळं?" त्यांनी विचारलं.

मी निवेदनाची प्रत पुढे केली. त्यांनी ती उलटीसुलटी केली, पण वाचली नाही. माझं पहिलं वाक्य त्यात प्रश्नार्थक होतं. त्यांनी कारकुनाला वर पिटाळलं आणि फाइल मागवली. तोवर ते उन्हात उभे राहिले, आणि मावशीने त्यांना सावलीत आपल्या शेजारची जागा दाखवली. ते आधी नको म्हणाले, मग बसले. पायरीवर, बारा सोन्याने मढलेल्या बायकांच्या रांगेत.

फाइल आली. नकाशा उलगडला. दांडीचा तो पट्टा कागदावर कोरा होता आणि कडेला लिहिलं होतं: मोकळी जागा, कोणताही वापर आढळला नाही.

"बघा," साहेब म्हणाले. "पाहणी झालेली आहे. आमचा माणूस स्वतः जाऊन आलाय. तिथे काहीच नव्हतं."

मावशी वाकून कागद बघत होती. वाचता येत नाही, पण तिने विचारलं, "कवा आलता तुमचा माणूस?"

साहेबांनी तारीख पाहिली. "ऑगस्टमध्ये."

"म्हंजे श्रावण?"

"हो, श्रावणच."

बायकांमध्ये एकदम खसखस पिकली. एकीने दुसरीच्या पाठीवर थाप मारली. मावशी मात्र हसली नाही. लहान पोराला सांगावं तसं तिने सांगितलं, "साहेब, श्रावणात पाऊस असतो. बोटी बंद असतात. जाळी घरात टांगलेली. मग खळ्यावर काय दिसणार? तुमच्या माणसाला कुणी विचारलं असतं तर आमी सांगितलं असतं. तो कुणाशी बोललाच नाय. छत्री धरून आला आन् गेला."

साहेबांनी नकाशाची घडी घातली, पुन्हा उघडली. मग म्हणाले, "ठीक आहे. पुन्हा पाहणी करायला सांगतो. पुढच्या बुधवारी माणूस पाठवतो. त्याने लिहून आणलं की मग फलकाचं बघू. चालेल?"

मी आनंदाने हो म्हणणार होते. तोंडी आश्वासन, तेही तारखेसकट. अशी चीज मी आजवर पाहिली नव्हती.

"नाय चालणार," मावशी म्हणाली. "पुढल्या बुधवारी भांग हाय. परत रिकामंच दिसंल. त्याच्या पुढल्याला या, उधाणाला."

साहेबांनी गोंधळून माझ्याकडे पाहिलं. मी सुशिक्षित दिसत होते. "हे काय म्हणतायत?"

आणि मी, जिने आंदोलनाला भरती-ओहोटी नसते असं ठळक अक्षरात छापलं होतं, ती मी छाती काढून म्हणाले, "साहेब, इथलं सगळं कामकाज भरती-ओहोटीवर चालतं. निदान प्रशासनाने तरी तारखा ठरवताना एवढं लक्षात घ्यायला हवं."

मावशीने माझ्याकडे सावकाश मान वळवली. बाकीच्या अकरा जणींनीही वळवली.

चार वाजता जवळा वाळला. हातात घेतला की खुळखुळ वाजत होता. बायकांनी तो गोळा केला, फरशी झाडली, वर पाण्याच्या मशीनचं पाणी आणून धुतली. त्या रात्री आईने माझे कपडे दोनदा धुतले, सकाळी पेपर आला आणि मी अभिनव झाले.

तारीख त्यांनी पाळली. उधाणाच्या बुधवारी दोन माणसं दांडीत आली, एक मोजणी करणारा आणि एक त्याचा मदतनीस, हातात टेप, नकाशा, बूट. मीही गेले होते. खळं त्या दिवशी पाहण्यासारखं होतं: बांबूंवर बोंबलांच्या जोड्या, एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून टांगलेल्या, आणि खाली जवळ्याची गुलाबी पसरण, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाय ठेवायला जागा नव्हती.

"बूट काढा," मावशीने सांगितलं. "इथं चपला घालून कुणी चालत नाय."

त्यांनी काढले. मोजणीवाला मोज्यांत उभा राहिला, खळ्यावर नजर फिरवली आणि अवघडून म्हणाला, "मावशी, मोजणीपुरतं हे जरा एका बाजूला करा. टेप जमिनीला लागायला हवा. पंधरा मिनिटांचं काम आहे, मग परत पसरा."

मला त्यात काही गैर वाटलं नाही. मी तर वाकून एका कडेचा जवळा सारायलाही लागले. मावशीने माझं मनगट धरलं.

"सोड ते. रिकामं केलं तर रिकामंच लिहितील."

"अहो, मी बघतोय ना माझ्या डोळ्यांनी," मोजणीवाला म्हणाला.

"मग जसं बगताय तसं मोजा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मी मावशीकडे. गावातल्या बायका हातातलं काम टाकून आल्या होत्या आणि कडेने उभ्या होत्या, यावेळी शंभर नक्की असतील. शेवटी मावशीनेच वाट दाखवली. बांबूंच्या रांगांमधून बायका जिथून चालतात त्या वीतभर रुंद फटी. मदतनीस एका टोकाला गेला, दुसरं टोक मोजणीवाल्याने माझ्या हातात दिलं. टेप जमिनीला लावायचा नव्हता आणि मासळीलाही लागू द्यायचा नव्हता. आम्ही तो गुडघ्याएवढ्या उंचीवर ताणून धरला. वाऱ्याने तो थरथरत होता. मी पायाच्या बोटांवर उभी, दोन्ही बाजूंना जवळा, हलायची सोय नाही.

"काय लिहू?" मोजणीवाल्याने कागदावर पेन टेकवून विचारलं. "वापर म्हणून काय लिहायचं?"

मी तोंड उघडलं. डोक्यात तीन मथळे तयार होते.

"बोलू नको, टेप हालतोय," मावशी मला म्हणाली. मग त्याच्याकडे वळली, आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं, त्याला नीट लिहिता यावं म्हणून. "लिही. मासळी वाळवायची जागा. चालू हाय."

त्याने लिहिलं. तिने त्याला ते मोठ्याने वाचायला लावलं.